कुठे कमी पडलं

सकाळी साडेदहाच्या सुमाराला काकूंनी सात वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एवढं तपासून द्या. कुठे कमी पडलं ते कळलं पाहिजे." आवाजात तक्रार नव्हती, रडणं नव्हतं. काम घेऊन आलेल्या माणसाचा आवाज होता तो. काकांना जाऊन पाच आठवडे झाले होते. भेटायला जायचं, जायचं असं मी स्वतःशी घोकत राहिले होते आणि गेले नव्हते, त्यामुळे त्यांना दारात पाहिल्याबरोबर मी आधीच ओशाळले. सांत्वनाचं काहीतरी मनात जुळवत होते, तेवढ्यात त्या वह्या आल्या. शंभर पानी, एकसारख्या, प्रत्येकीला खाकी कव्हर आणि कव्हरावर तारखा, अमुकपासून तमुकपर्यंत. मला वेळ लागेल हे त्यांनी धरलेलंच होतं. उद्या अकराला येते म्हणाल्या आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या. बाहेर बाकावर चार पेशंट थांबले होते. मी पुढच्याला आत बोलावलं, त्याचा गुडघा वाकवायला घेतला आणि किती अंशांपर्यंत वाकला ते दोनदा मोजूनही माझ्या लक्षात राहिलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सव्वीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात सगळे पेशंट काका नाहीतर काकू असतात, मग ते आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान का असेनात. हे काका खरोखरच काका होते, सदुसष्ट वर्षांचे. लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसून त्यांनी रस्ता पाहिला होता, आणि त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतंत्र ब्रेक असायचा. त्यामुळे माणूस कमालीचा शांत. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, जीभ थोडी जड झाली, तरी पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "पाय शिकाऊ आहे मॅडम, पण येईल. हात मात्र लायसन्स टाकून पळालाय." मी हसले. काकू हसल्या नाहीत. त्या पिशवीतून कोरी वही काढून तिच्यावर पट्टीने उभ्या रेघा मारत होत्या: तारीख, वेळ, व्यायाम, किती वेळा, शेरा. मी व्यायाम सांगत गेले तसतशा त्या लिहीत गेल्या, आणि शेवटी सगळं मला परत वाचून दाखवलं. अशी घरची माणसं मिळायला भाग्य लागतं, असं मी तेव्हा त्यांना म्हणाले होते. मनापासून म्हणाले होते. पेशंट दोन दिवस व्यायाम करतो आणि तिसऱ्या दिवशी उशी घेऊन झोपतो, हा आमचा रोजचा अनुभव.

काकू औषधांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. चौतीस वर्षं. बाटल्यांचा एखादा लॉट खराब निघाला की त्याची नोंदवही काढायची आणि ओळीओळीने मागे जायचं, हे त्यांचं काम. कुठेतरी कोणीतरी पाच मिनिटं कमी उकळलेलं असतं, कोणीतरी झाकण तपासलेलं नसतं. सापडतंच, त्या म्हणायच्या. माल बिघडलाय आणि वहीत चूक नाही असं कधी होत नाही. चौतीस वर्षांत एकही चूक त्यांच्या हातून निसटली नव्हती. हे त्या फुशारकी म्हणून सांगत नसत, आपला पत्ता सांगावा तसं सांगत. काका त्यांना घरात "साहेब" म्हणायचे. मला त्या जोडप्याचा लळा लागला होता हे कबूल करायला हवं, कारण पुढे जे घडलं त्यात त्या लळ्याचाही हात आहे.

माझ्या खोलीत भिंतीवर एक वाक्य आहे. निळ्या रेशमाने भरलेलं, काचेच्या चौकटीत. एका धावपटू मुलीच्या आईने कृतज्ञतेने करून दिलं होतं. वाक्य माझंच. "शरीर केलेलं विसरत नाही." पहिल्या दिवशीचा व्यायाम संपला, माणूस घामाघूम होऊन, काहीच जमलं नाही म्हणून खट्टू होऊन बसला की मी हे म्हणायची. त्या धावपटू मुलीच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. गुडघा उघडून जोडलेला होता, आत सगळं शाबूत होतं, फक्त राबायचं बाकी होतं. ती राबली आणि धावली. मग ते वाक्य माझ्या तोंडात बसलं. मी ते मणक्याच्या पेशंटना सांगितलं, खांद्याच्या पेशंटना सांगितलं, सत्तरीच्या आजींना सांगितलं. सांगितलं की चेहरे उजळायचे. उजळलेला चेहरा बघायची चटक लागते माणसाला. मला लागली होती.

दिवसभर मी कामं केली, पण डोक्यात एकच दुपार फिरत होती. तिसऱ्या आठवड्यातली. मेंदूचे डॉक्टर आणि मी जिन्याच्या वळणावर उभे होतो, त्यांच्या हातात काकांच्या मेंदूचे फोटो होते, आणि ते नेहमीच्या घाईत नव्हते. हात येणार नाही, ते म्हणाले. बोटांत तीन आठवड्यांत साधी थरथरसुद्धा नाही, आणि मेंदूचा जो भाग गेलाय तो बघता आता आशा धरण्यात अर्थ नाही. पाय येईल, काठी घेऊन चालतील. हे मलाही दिसत होतं; माझ्या बोटांना ते आठवड्याभरापूर्वीच कळलं होतं. मेलेल्या स्नायूचा एक थंड जडपणा असतो, तो हाताला लागला की लागतो. मग त्यांनी विचारलं, घरच्यांना मी सांगू की तुम्ही सांगताय? मी सांगते म्हणाले. माझा त्यांच्याशी जास्त घरोबा आहे, असंही म्हणाले. आणि आत गेले तर काकूंनी पहिली वही उघडून माझ्यापुढे धरली होती. एकवीस दिवस, एकही रकाना रिकामा नाही. "बघा मॅडम, एकदाही चुकवलं नाही." काका पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते, शिकाऊ माणूस परीक्षकाकडे बघतो तसे. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. हे आठवणीने गोड केलेलं नाही, खरोखर आले होते. आणि मी म्हणाले, "शरीर केलेलं विसरत नाही, काकू." मग लाल पेन घेतलं, पानाच्या तळाशी लिहिलं, "छान. चालू ठेवा." आणि सही केली. पुढच्या महिन्यात सांगू असं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात काका काठी घेऊन दारापासून खुर्चीपर्यंत चालत आले, सगळ्यांना एवढा आनंद झाला की मी तो विषयच काढला नाही. त्यानंतर मी मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

संध्याकाळी वह्या घरी आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या. सहा वाजले होते. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. तो समोर बसून पेपर तपासत होता आणि मी वह्या तपासत होते, बाहेरून बघणाऱ्याला दोन मास्तर वाटले असते. पहिल्या वहीत प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोनदा. मी सांगितलं होतं तसंच. दुसऱ्या वहीत वीस. हे मी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वहीच्या मध्यावर चाळीस वेळा, दिवसातून चारदा. म्हणजे एका माणसाचा निर्जीव हात दुसरं माणूस दिवसातून चार वेळा, चाळीस-चाळीस वेळा उचलतंय, उघडतंय, मिटवतंय. सांधे आखडू नयेत म्हणून दिवसाला दहा मिनिटं पुरली असती. बाकी सगळं वायफळ होतं. आणि त्या पानाच्या तळाशी माझं अक्षर: "फारच छान. चालू ठेवा." मला आठवेना की तेव्हा मी आकडा वाचला होता का. बहुतेक वाचला होता. बहुतेक कौतुकच वाटलं होतं.

शेऱ्याच्या रकान्यात सुरुवातीला फारसं काही नव्हतं. "ठीक." "ठीक." "खांदा दुखला." एका ठिकाणी, "शिकायला येत होत्या त्या बाई नवी गाडी घेऊन आल्या. हे बसून बघतो म्हणाले. चाळीस झाल्यावर म्हटलं. त्या थांबू शकल्या नाहीत." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा "ठीक". मी ते पान उलटलं आणि परत मागे आले. नवी गाडी बघायला खाली उतरलेले काका मला दिसायला लागले. काठी टेकत, डाव्या हाताने दार उघडून, सवयीने शेजारच्या बाजूला बसणारे. ते उतरलेच नव्हते. मी चष्मा काढून पुसला, तेव्हा नवऱ्याने मान वर करून पाहिलं आणि काही न विचारता पुन्हा पेपरात डोकं घातलं.

चौथ्या वहीपासून शेरा बदलला. आधी एकदा: "मनापासून नाही." मग आठ दिवसांनी पुन्हा. मग दोन दिवसांआड. सहाव्या आणि सातव्या वहीत ओळीमागून ओळ तेच शब्द होते, वळणदार, नेटक्या अक्षरात. चाळीस वेळा, मनापासून नाही. चाळीस वेळा, मनापासून नाही. मला आधी उलगडा होईना, आणि झाला तेव्हा मी वही मिटून बसले. त्यांनी हिशेबाने विचार केला होता, कारखान्यातल्यासारखा. केलेलं शरीर विसरत नाही. शरीराला तर काहीच आठवत नाहीये. म्हणजे केलेलं नाही. पण वहीत तर सगळं केलेलं आहे, आकडे पूर्ण आहेत, वेळा पूर्ण आहेत, सही आहे. मग उणीव वहीत न मावणाऱ्या गोष्टीत असणार. ती त्यांनी शोधून काढली होती. शेवटची नोंद काका दुसऱ्या झटक्याने गेले त्या दिवशी सकाळची होती. चाळीस वेळा. मनापासून नाही. विचारलं तर हो म्हणाले.

विचारलं तर हो म्हणाले. हे चार शब्द मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मी तेरा वर्षांची होते तेव्हा शाळेच्या तलावात पोहायचे. पहाटे साडेपाचला पाण्यात उतरायचे, वर्षभर, ताप असला तरी. स्पर्धेत सातवी आले. आठ जणी होत्या. पोहायला शिकवणारे सर टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी मायेने म्हणाले, हातचं राखून पोहलीस ना? जीव ओतला असतास तर दिसलं असतं. मी काहीही राखलं नव्हतं. छातीत आग पेटली होती, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पण मी मान हलवली. हो सर, थोडा आळस केला. त्या क्षणी मला केवढं हलकं वाटलं होतं ते आजही आठवतं. आळशी असणं परवडत होतं. आळशी मुलगी उद्या आळस टाकू शकते. सगळं ओतूनही सातवी येणारी मुलगी काय करणार? सर समाधानाने उठले, मीही उठले, आणि खोटं बोलल्याचं शल्य मला अनेक वर्षं जाणवलंही नाही. काकांना हो म्हणताना तसंच हलकं वाटलं असेल का? का बायकोला हलकं वाटावं म्हणून ते हो म्हणाले? त्यांच्या पायाखाली कायम एक ब्रेक असायचा, समोरचा घाबरला की ते हळूच दाबायचे. मला वाटतं त्यांनी तो दाबला असणार. पण हे माझं वाटणं आहे, आणि माझ्या वाटण्यावर आता माझाच भरवसा उरला नव्हता.

जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, काकूंनी तुझं वाक्य उलट्या बाजूने वाचलं. माझ्या वर्गात निम्मी पोरं रोज हेच करतात, त्यांना तरी काय दोष देणार. मी विचारलं, उद्या सांगू का? तिसऱ्या आठवड्यातच माहीत होतं म्हणून सांगू? तो पाणी प्यायला, त्याने पेला खाली ठेवला. "सांगून कोणाला बरं वाटणार आहे? त्यांना की तुला?" या माणसाचं हे असंच असतं, मोजून एक प्रश्न टाकतो आणि ताटं उचलायला उठतो. मला त्याचा राग आला. कारण खरोखरच ठरवता येत नव्हतं. गप्प राहिले, किंवा वहीत कुठेतरी बोट ठेवून "इथे थोडं कमी पडलं" म्हणाले, तर काकू ते घेऊन शांतपणे घरी जातील. चूक सापडलेला लॉट त्यांना बंद करता येतो. आणि खरं सांगितलं तर? दहा महिने नवऱ्याला रोज छळलं ते कशासाठी, हे त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू? दोन्हीकडून भोगायचं त्यांनाच होतं. मी मात्र कुठेच सापडत नव्हते, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला स्वतःची शिसारी आली.

अकराला पाच मिनिटं कमी असताना काकू आल्या. मी दाराला आतून कडी घातली, तसं मी कधी करत नाही. त्या खुर्चीत ताठ बसल्या, पर्स मांडीवर. सात वह्या आमच्या मध्ये होत्या. मी म्हणाले, सगळ्या वाचल्या, शब्दन् शब्द वाचला. त्यांनी मान डोलावली. सापडलं? मी रात्री बरीच प्रस्तावना तयार केली होती, मेंदूबद्दल, स्नायूंबद्दल. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"काकू, काहीच कमी पडलं नाही. तो हात येणारच नव्हता. मला तिसऱ्या आठवड्यात माहीत होतं. डॉक्टरांना मीच सांगते म्हणाले होते, आणि सांगितलं नाही."

त्यांनी ऐकलं. चेहरा हलला नाही. बाहेर कोणीतरी खोकलं, बाक करकरला. त्यांनी ओरडावं, थोबाडीत मारावी, काहीतरी करावं असं वाटत होतं. त्यांनी वरची वही पुढे ओढली, पानं उलटली, पहिल्या लाल सहीवर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. हे तेव्हाचं का, असं विचारलं. मी हो म्हणाले. पुढच्या महिन्याची सही काढली. हेही माहीत असताना? हो. अशा एकेक करत सगळ्या काढल्या. मी प्रत्येकीला हो म्हणत गेले. सबबी सुचत होत्या, आशा राहावी म्हणून, पाय सुधारावा म्हणून; आणि त्यातली एखादी खरीही होती. पण तपासणीत सबब चालत नाही हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

मग त्यांनी शेवटची वही मिटली. बोलल्या तेव्हा आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं.

"म्हणजे हे मनापासून करत होते."

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी, काकू. मनापासून केल्याशिवाय इतकं कोणी करूच शकत नाही."

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि श्वास सोडला, आणि मला कळलं की त्या माझ्याकडे स्वतःची चूक शोधायला आल्या नव्हत्या. त्यांना भीती होती ती वेगळीच. तीस-पस्तीस वर्षं ज्याच्याशी संसार केला तो माणूस शेवटी आपल्यासाठी प्रयत्नसुद्धा करायला तयार नव्हता, त्याने जगणं सोडून दिलं आणि आपल्याला कळू दिलं नाही, असं त्या धरून बसल्या होत्या. ते ओझं आता उतरलं होतं. त्याच्या जागी जे आलं होतं ते मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला तिकडे बघवेना. त्या म्हणाल्या, शेवटच्या सकाळीही मी त्यांना तेच बोलले. म्हटलं, तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये. मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो हळूच काढून घेतला, रागाने नव्हे, कामात अडथळा होतो म्हणून.

पर्समधून त्यांनी पेन काढलं. चौथी वही उघडली. पहिलं "मनापासून नाही" सापडलं, त्यावर पट्टीने मारावी तशी एक सरळ रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि बाजूला बारीकशी सही, आजची तारीख. मग दुसरं. मग तिसरं. मी दाराची कडी काढून बाहेरच्यांना सांगितलं की आज उशीर होईल, ज्यांना थांबता येणार नाही त्यांनी उद्या यावं. परत आले तर त्या पाचव्या वहीवर होत्या. काल मी ते शेरे मोजले होते, दोनशेच्या वर होते. त्यांचा हात दुखत असणार, मधेच बोटं झटकत होत्या. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, द्या, सातवी मी करते.

"नाही मॅडम," त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं."

मी हात मागे घेतला. त्या खोडत राहिल्या. थोड्या वेळाने, पान उलटता उलटता, त्यांनी डाव्या हाताने पहिल्या वहीचा एकविसावा दिवस उघडला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"तुमच्या सह्या नऊ आहेत," त्या म्हणाल्या.

मी लाल पेन शोधायला खण उघडला.